ड्रॉवर लावण्याचा खेळ आणि घरातले टेबल

प्रश्न: गेल्या काही महिन्यांपासून मी संगणकावर ‘अ लिटल टू द लेफ्ट’ हा वस्तू नीट लावण्याचा खेळ खेळते. सुरुवातीला खेळताना मन फार शांत होत असे. आता मात्र एखादे कोडे अडले की मी चिडते, लगेच इंटरनेटवर उत्तर शोधते आणि ते पाहिल्यावर आपण हरलो असे वाटते. काही कोड्यांना दोन-तीन उत्तरे असतात. त्यांतले एक सापडले तरी उरलेल्या रिकाम्या चांदण्या मला स्वस्थ बसू देत नाहीत. मध्येच मांजर येऊन सगळे विस्कटते, तेव्हा तर खरोखर संताप येतो. दुसरी गोष्ट सांगताना संकोच वाटतो. या नादात मी घरातल्यांच्या वस्तूही लावू लागले आहे. परवा पतींच्या टेबलावरचे कागद मी आकारानुसार रचून ठेवले. त्यांना दुरुस्तीची एक पावती सापडेना आणि आमचे मोठे भांडण झाले. “या वयात बाहुलीघर खेळतेस आणि वर आम्हाला वेठीला धरतेस,” असे ते म्हणाले. मुलगा थट्टेने म्हणतो की आईला ओसीडी झाला आहे. एक मैत्रीण ‘अनपॅकिंग’ नावाचा दुसरा खेळ सुचवते आहे. मी तो घ्यावा, की हा नादच सोडून द्यावा?

उत्तर: नाद सोडू नका, खेळण्याची पद्धत मात्र बदला. तुमच्या पत्रात एक तक्रार पडद्यावरची आहे आणि दुसरी घरातली, आणि तुम्ही त्या वेगवेगळ्या मानता. मला मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत दिसते. समोर पसारा आला की त्याचे एकच बरोबर उत्तर असणार आणि ते आपल्याला सापडलेच पाहिजे, असे तुम्ही धरून चालता. वस्तुतः ज्या खेळामुळे ही सवय लागली असे तुम्हाला वाटते, तो खेळ काळजीपूर्वक पाहिला तर याच्या नेमके उलट सांगत असतो. म्हणून घरातल्या भांडणाकडे वळण्याआधी खेळाविषयीच थोडे सविस्तर लिहीत आहे.

‘अ लिटल टू द लेफ्ट’ हा खेळ कॅनडातील मॅक्स इन्फर्नो या छोट्या स्टुडिओने तयार केला आणि तो नोव्हेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घड्याळ लावलेले नाही, गुणांची स्पर्धा नाही आणि चुकीला शिक्षा नाही. तिरकी तसबीर सरळ करणे, पुस्तके रचणे, खणातल्या वस्तूंना जागा देणे, एवढेच काम असते. खरे काम हातांचे नसून डोळ्यांचे असते, कारण त्या वस्तूंमध्ये कोणता संबंध दडला आहे हे कोणीही सांगत नाही. तो पाहणाऱ्याने ओळखायचा. एकच ढीग उंचीनुसार लावता येतो, रंगानुसारही लावता येतो, आणि कधी एका वस्तूवरची रेघ पुढच्या वस्तूवर जुळवत गेल्यावर तिसरीच रचना उभी राहते. अशा प्रत्येक रचनेला खेळ एक चांदणी देतो, आणि त्या चांदण्यांत लहान-मोठी अशी प्रतवारी करत नाही, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. उंचीची मांडणी खरी आणि रंगाची केवळ पर्यायी, असे तिथे काही नाही. रिकामी चांदणी तुमच्या अपुऱ्या कामाची नोंद करत नसते. याच वस्तूंकडे आणखी एका नजरेने पाहता येते, एवढेच ती कळवत असते.

त्यामुळे एक उत्तर सापडल्यावर लगेच दुसऱ्याच्या मागे धावू नका. माऊसवरून हात काढा आणि आतापर्यंत वस्तूंचा कोणता गुण वापरला व कोणते गुण वापरायचे राहिले, याचा मनाशी विचार करा. उदाहरणादाखल किल्ल्यांचा एक जुडगा डोळ्यांसमोर आणा. लांबी तर चटकन दिसते. त्यानंतर दात किती आहेत ते दिसते, मग डोक्याचे भोक गोल आहे की चौकोनी, मग धातू पिवळा आहे की पांढरा, मग कोणती किल्ली रोजच्या वापराने गुळगुळीत झाली आहे आणि कोणत्या किल्लीवर गंज चढला आहे. शेवटच्या दोन गोष्टी घाईत असणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. सुरुवातीला तुम्हाला जी शांतता मिळत होती, ती माझ्या समजुतीप्रमाणे अशा पाहण्यातून येत होती. चांदण्या मोजू लागल्यावर पाहणे थांबले आणि त्याबरोबर शांतताही गेली.

अडल्यावर काय करावे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याची सोय खेळातच फार विचारपूर्वक केलेली आहे. तुम्ही बहुधा तिचा वापर केलेला नाही. खेळातली हिंट उघडली की उत्तराचे चित्र दिसते, पण त्यावर पेन्सिलीने गिरगटलेले असते आणि ते खोडरबराने पुसावे लागते. किती पुसायचे हे तुमच्या हातात असते. एक कोपरा पुसा, एखादी वस्तू कुठे बसली आहे एवढेच पाहा आणि परत फिरा. पुष्कळदा तेवढ्यावर उरलेली मांडणी आपोआप उलगडते आणि उलगडल्याचे समाधान तुमचेच राहते. इंटरनेटवरचे उत्तर मात्र सगळे चित्र एकदम पुढ्यात टाकते, आणि मग तुमच्यासाठी केवळ नक्कल करण्याचे काम उरते. ते पाहून तुम्हाला हरल्यासारखे वाटते यात काहीच नवल नाही, कारण ज्यासाठी खेळायला बसलात तेच तुमच्याकडून काढून घेतलेले असते. शिवाय ‘लेट इट बी’ नावाची सोयही आहे. ती वापरली की नको असलेले कोडे तसेच सोडून पुढे जाता येते. निर्मात्यांनी ती मुद्दाम ठेवली आहे. ती वापरण्यात कमीपणा मानू नका. रोज एक नवे कोडे देणारा ‘डेली टायडी’ हा विभागही त्यातच आहे, आणि सध्या काही दिवस तेवढेच खेळावे असे मी सुचवेन.

राहिले मांजर. त्याचा पंजा मध्येच येतो आणि लावलेल्या वस्तू विस्कटून जातो, हे खरे आहे, आणि तेही योजूनच केलेले आहे. पण त्या क्षणी नेमके काय जाते, याचा विचार करा. वस्तूंची जागा बदलते. त्यांच्यातला संबंध मात्र तुम्हाला एव्हाना कळून चुकलेला असतो, आणि तो कोणी विस्कटू शकत नाही. दुसऱ्यांदा लावायला काही सेकंद पुरतात. तरीही खराखुरा संताप येत असेल, तर दोष मांजराला देण्याऐवजी तो त्या दिवसाचा खेळ पुरे झाल्याचा इशारा समजा आणि संगणक बंद करा.

वेळ वाया जातो का, हे तुम्ही थेट विचारलेले नाही. पण “या वयात” हे शब्द तुम्हाला लागलेले दिसतात. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’ या खेळाबाबत एक पाहणी केली होती. हाही याच कुळातला खेळ, त्यात पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मळलेली वाहने आणि इमारती स्वच्छ करायच्या असतात. 39 देशांतील 8,695 खेळाडूंना खेळ चालू असतानाच त्यांची मनःस्थिती विचारण्यात आली. खेळताना ती सरासरीने थोडी सुधारते आणि ही सुधारणा बहुतांशी पहिल्या 15 मिनिटांतच होते, असे आढळले. ही माणसे स्वतःच्या आवडीने खेळत होती, त्यामुळे या आकड्यांतून खेळ म्हणजे औषध असा अर्थ काढणे योग्य नाही. तुमच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे: जे मिळायचे ते लवकर मिळते. पाव ते अर्धा तास मन लावून खेळलात तर पुरेसे आहे, आणि तीन तास चांदण्या शोधत बसल्याने त्यात फार भर पडत नाही.

मुलाच्या थट्टेविषयी थोडक्यात, पण गांभीर्याने लिहितो आहे असे समजा. ओसीडी हा नीटनेटकेपणाच्या आवडीचा दुसरा शब्द नाही. नको असलेले विचार वारंवार मनात घुसणे, त्यातून प्रचंड चिंता होणे, आणि ती शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागणे, असे त्या आजाराचे स्वरूप असते. ज्यांना तो असतो त्यांना त्या मांडामांडीत आनंद होत नाही, त्यांचा छळ होतो. तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुम्हाला वस्तू लावण्यात आनंद होतो आणि अडल्यावर चीड येते. एवढ्यावरून कोणतेही निदान करता येत नाही. मात्र वस्तू सरळ केल्याशिवाय झोप येत नाही, कामे खोळंबतात किंवा न लावल्यास काही वाईट घडेल अशी भीती वाटते, असे जर होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. आणि हा शब्द थट्टेत वापरू नये, हे मुलाला शांतपणे सांगा.

आता पावतीकडे येऊ. तुमच्या पतींच्या टेबलावर जो तुम्हाला ढीग दिसला, तो त्यांच्या दृष्टीने बहुधा ढीग नव्हता. माणसे कामाची टेबले कशी लावतात, याचा संशोधक थॉमस मॅलोन यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आजही उपयोगी पडतो. फायलींत लावलेले कागद आणि ढिगात ठेवलेले कागद यांत त्यांनी फरक केला आणि ढिगाचे एक काम दाखवून दिले: डोळ्यांसमोर पडलेला कागद “हे करायचे राहिले आहे” अशी आठवण करून देत असतो. तोच कागद फाईलमध्ये गेला की सुरक्षित होतो, पण आठवण करून देणे थांबते. पुढे 1995 मध्ये डेव्हिड कर्श यांनीही याच दिशेने लिहिले, की माणूस आजूबाजूच्या जागेचा वापर विचार हलका करण्यासाठी करतो. काय आधी, काय नंतर, काय विसरायचे नाही, हे तो वस्तूंच्या जागेत मांडून ठेवतो. दुरुस्तीची पावती वरच तिरकी ठेवलेली असेल, तर त्या तिरकेपणात “दुकानात जायचे आहे” ही नोंद असण्याचा पुरेपूर संभव आहे. तुम्ही कागद आकारानुसार लावलेत तेव्हा आकार हा गुण तुम्ही निवडलात, आणि त्यांनी निवडलेला निकडीचा गुण पुसला गेला. तुमची रचना दिसायला चांगली असेलही. पण त्या कागदांपुरती ती दुसऱ्याची चांदणी होती. त्यांचे बोलणे कठोर होते, हे मी नाकारत नाही. तरी पावती न सापडल्याची त्यांची अडचण खरी होती.

याच कारणासाठी तुमच्या मैत्रिणीची सूचना मला मनापासून पटते. ‘अनपॅकिंग’ हा खेळ ऑस्ट्रेलियातील विच बीम या स्टुडिओने 2021 मध्ये आणला. 2022 च्या ब्रिटनमधील बाफ्टा गेम्स पुरस्कारांत त्याला कथनासाठीचा पुरस्कार मिळाला, आणि लोकांच्या मतांवर ठरणारा वर्षातील सर्वोत्तम खेळाचाही मिळाला. त्या खेळात संवाद नाहीत आणि नायिका पडद्यावर एकदाही दिसत नाही, तरीही कथनाचा पुरस्कार त्याला मिळाला. तुम्ही फक्त तिची खोकी उघडता. 1997 मधल्या लहानपणच्या खोलीपासून 2018 पर्यंत ती आठ वेळा सामान हलवते, आणि प्रत्येक वेळी कोणत्या वस्तू बरोबर आल्या, कोणत्या गळाल्या, कोणत्या झिजून का होईना पण टिकल्या, यावरून तिचे आयुष्य तुम्हाला कळत जाते.

इथे थोडी कथा उघड करावी लागणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. 2010 च्या टप्प्यात ती आपल्या प्रियकराच्या घरी राहायला जाते. घर आधीच त्याच्या वस्तूंनी भरलेले आहे, कप्पे त्याचे आहेत, भिंती त्याच्या आहेत. तिच्या सामानात तिचे पदवीचे प्रमाणपत्र निघते. तुम्ही ते एका भिंतीवर लावू पाहता, जागा नाही. दुसऱ्या भिंतीवर लावू पाहता, तिथेही नाही. शेवटी ते पलंगाखाली सरकवावे लागते. एकही शब्द न बोलता त्या घरात तिला किती जागा आहे हे समजते, आणि 2012 मध्ये ती पुन्हा आईवडिलांच्या घरी, त्याच लहानपणच्या खोलीत परत आलेली दिसते तेव्हा तुम्हाला कारण विचारावे लागत नाही. पुढे 2013 मध्ये तिचे स्वतःचे घर होते. 2015 मध्ये त्याच घरात तिची जोडीदार राहायला येते, आणि तुमच्यापुढे आता त्या दुसरीची खोकी असतात. जे घर तुम्ही मघाशी मनासारखे लावले, त्यातलेच कप्पे रिकामे करून तुम्हाला तिच्या वस्तूंना जागा द्यावी लागते. या दोन्ही टप्प्यांवर घाई करू नका. पहिल्यात दुसऱ्याच्या व्यवस्थेत कोंबले जाण्याचा अनुभव आहे, आणि दुसऱ्यात आपली व्यवस्था थोडी मोडून कोणाला सामावून घेण्याचा. पतींच्या टेबलाबाबत बोलण्याआधी हे दोन टप्पे खेळून व्हावेत, असे मला वाटते.

घरात काय करावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. एकट्या माणसाच्या मालकीची जागा, म्हणजे त्यांचे टेबल, मुलाची बॅग, त्याच्या कपाटातला कप्पा, यांना त्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नका, त्या कितीही विस्कटलेल्या दिसल्या तरी. सर्वांच्या वापरातल्या जागा, म्हणजे दाराजवळचे फडताळ, चार्जर आणि बॅटऱ्यांचा खण, औषधांचा डबा, या जरूर लावा, पण आधी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा: ही वस्तू हवी असते तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हात कुठे घालता? उत्तरे निरनिराळी येतील. खरी कोडी तिथेच आहेत. वस्तू लावताना ती किती सुबक दिसते यापेक्षा शोधणाऱ्याला ती किती लवकर मिळते, याला अधिक महत्त्व द्या. ही कसोटी पाहायची असेल तर 2019 मध्ये आलेला ‘विल्मट्स वेअरहाऊस’ हा खेळही चांगला आहे. त्यात गोदामातला माल कसा लावायचा हे सर्वस्वी तुमच्यावर सोपवलेले असते, आणि मग खिडकी उघडून सहकारी आले की त्यांनी मागितलेली वस्तू झटपट काढून द्यावी लागते. तेव्हा कळते की आपण फक्त शोभेसाठी लावले होते की सापडण्यासाठी. मात्र त्यात वेळेचे बंधन आहे. तुमची सध्याची मनःस्थिती पाहता तो नंतर घ्या.

आणि पतींशी बोला. कागद विचारल्याशिवाय हलवले ही चूक झाली, असे सरळ सांगा. त्याला जोडून खेळाचे समर्थन करू नका, नाहीतर माफी बाजूला राहील आणि वाद खेळावर येईल. त्यानंतर त्यांना टेबल समजावून सांगायला सांगा. डाव्या कोपऱ्यात काय असते, चष्म्याच्या घराखाली काय ठेवलेले असते, कोणता कागद कधीच हलवायचा नाही, हे त्यांनी कदाचित स्वतःशीही कधी बोलून पाहिलेले नसेल. ऐकताना मध्ये सुधारणा सुचवू नका. “बाहुलीघर” हा शब्द तुम्हाला लागला, हेही त्याच वेळी शांतपणे सांगा. तो तसाच गिळून टाकण्याचे काहीच कारण नाही. मन लावून काही पाहणे आणि जुळवणे हे कोणत्याही वयात हलके काम नाही.

‘अनपॅकिंग’ सुरू करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. सगळी खोकी रिकामी झाल्यावर ज्या वस्तू चुकीच्या जागी असतील त्यांच्याभोवती लाल रेघ उमटते. ती पाहून जुनी धास्ती परत येऊ लागली, तर सेटिंग्जमध्ये जाऊन वस्तू कुठेही ठेवू देणारा पर्याय चालू करा. मग कोणतीही जागा चूक ठरत नाही. पहिल्या वेळी मात्र तो बंद ठेवलेला बरा, कारण त्या प्रमाणपत्राची गोष्ट लाल रेघेशिवाय पुरती पोहोचत नाही. दुसरे म्हणजे आवाज बंद करून खेळू नका, शक्य असेल तर हेडफोन लावा. त्या खेळासाठी 14,000 हून अधिक आवाज ध्वनिमुद्रित केलेले आहेत, आणि तीच वस्तू लाकडी फळीवर ठेवली, गालिच्यावर ठेवली किंवा फरशीवर ठेवली, तर वेगवेगळी वाजते. एखादा कप तीन ठिकाणी नुसता ठेवून पाहिलात, तर पुढच्या खोक्याकडे जाण्याची घाई तुम्हाला उरणार नाही.